लाजेसचा तळ आणि गोव्याचा प्रश्न : अमेरिकेच्या समतोलनीतीचे एक प्रकरण (१९५१–१९६२)

अटलांटिक महासागरात, लिस्बनच्या पश्चिमेला सुमारे दीड हजार किलोमीटरवर, अझोर्स हा पोर्तुगालचा द्वीपसमूह आहे. त्यातील तेर्सेइरा बेटावर लाजेस येथे एक विमानतळ आहे. पेडणे, सत्तरी किंवा काणकोणच्या माणसाने या बेटाचे नाव ऐकलेले असण्याचे काही कारण नाही. तरीही १९५१ नंतरची दहा वर्षे वॉशिंग्टनमध्ये गोव्याचा विषय निघाला की त्याच्या पाठोपाठ त्या विमानतळाचाही विषय निघत असे. ६ सप्टेंबर १९५१ च्या संरक्षण कराराने पोर्तुगालने तो तळ अमेरिकेला वापरायला दिला होता. युरोपात एकाएकी युद्ध भडकले, तर अमेरिकेहून सैन्य आणि सामग्री नेणाऱ्या विमानांना वाटेत इंधन भरण्यासाठी, त्या काळच्या विमानांचा पल्ला पाहता, याच्या तोडीची दुसरी जागा नव्हती. १९५७ मध्ये या सवलतीची मुदत वाढवण्यात आली ती १९६२ च्या अखेरपर्यंत. ही तारीख पुढे महत्त्वाची ठरते.

गोवा मुक्तीच्या इतिहासात आपण सत्याग्रह, आझाद गोमंतक दल, तुरुंगवास आणि अखेरची लष्करी कारवाई यांविषयी बरेच लिहितो, आणि ते लिहायलाच हवे. परंतु १९४७ मध्ये ब्रिटिश गेले, १ नोव्हेंबर १९५४ रोजी फ्रेंचांनी पुदुचेरीचा कारभार भारताकडे सोपवला, आणि गोवा मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तसाच राहिला, याचे उत्तर केवळ पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या हट्टात आणि नेहरूंच्या संयमात मिळत नाही. या दोघांच्या मध्ये एक तिसरी सत्ता होती आणि तिला दोघेही हवे होते. तिने दोन्ही डगरींवर हात कसा ठेवला, आणि त्या समतोलाची किंमत कोणाला मोजावी लागली, हे या प्रकरणातून पाहायचे आहे.

दोन मित्र, एक वाद

पोर्तुगाल हा ४ एप्रिल १९४९ रोजी स्थापन झालेल्या नाटो या लष्करी कराराचा संस्थापक सदस्य होता. लिस्बनची अपेक्षा अशी की या मैत्रीचे छत्र गोव्यावरही असावे. कायद्याने तसे नव्हते. नाटो कराराच्या सहाव्या कलमाने त्याचे संरक्षण उत्तर अटलांटिक क्षेत्रापुरते आणि बेटांच्या बाबतीत कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील बेटांपुरते मर्यादित केले होते. गोवा कर्कवृत्ताच्या कितीतरी दक्षिणेला आहे. सालाझार यांनी दुसरी तजवीज केली. १९५१ मध्ये पोर्तुगालच्या घटनेत दुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असे म्हटले गेले. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच एक प्रांत आहे, तेव्हा वसाहत सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, अशी ही मांडणी होती. भारताने वाटाघाटीसाठी लिस्बनमध्ये उघडलेली आपली वकिलात जून १९५३ मध्ये बंद केली, कारण ज्या विषयावर बोलायचे तो विषय अस्तित्वातच नाही असे समोरचा पक्ष सांगत होता.

दुसऱ्या बाजूला भारत होता. चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आल्यानंतर आशियातील सर्वांत मोठी लोकशाही टिकून राहावी आणि आर्थिकदृष्ट्या उभी राहावी, यात अमेरिकेचा स्वार्थ उघड होता. १९५४ मध्ये पाकिस्तानशी लष्करी करार करून अमेरिकेने दिल्लीचा रोष आधीच ओढवून घेतला होता आणि काश्मीरच्या जोडीला गोव्याचीही तक्रार नको होती. पुढे ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आणि भारताचे अन्नमंत्री स. का. पाटील यांनी धान्यकरारावर सह्या केल्या. त्यानुसार चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ भारताला मिळायचा होता. भारताशी अमेरिकेचे संबंध किती खोलवर गेले होते हे या आकड्यांवरून दिसते. मुंबईच्या राजकारणातल्या एका मराठी नेत्याची त्या करारावर सही आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी आठवली जात नाही.

या पेचातून अमेरिकेने काढलेला मार्ग सोपा होता. सार्वभौमत्व कोणाचे यावर मत द्यायचे नाही, बळाचा वापर होऊ नये एवढे दोघांना सांगायचे, आणि दोघांनी बोलून मिटवावे अशी इच्छा व्यक्त करायची. वरवर पाहता हा समतोल निर्दोष वाटतो. परंतु दोन पक्षांपैकी एकाला परिस्थिती आहे तशीच हवी असते आणि दुसऱ्याला ती बदलायची असते, तेव्हा मध्यस्थाचे मौन आपोआप पहिल्याच्या बाजूला झुकते. लिस्बनला वेळ जाण्यात कोणतेही नुकसान नव्हते. नुकसान गोव्यातील सुमारे सहा लाख लोकांचे होते, आणि त्यांना या संपूर्ण व्यवहारात कोणी काही विचारले नव्हते.

डिसेंबर १९५५

हा समतोल एकदाच उघडपणे ढळला, आणि तो प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही पत्रादेवी आणि इतर ठिकाणांहून गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी आणि सैनिकांनी गोळीबार केला, त्यात वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. त्यानंतर भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले, गोव्यातील आपली वकिलात बंद केली आणि आर्थिक नाकेबंदी कडक केली. नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींच्या तुकड्यांनी मे महिन्यातच सीमा ओलांडली होती, आणि गोऱ्यांसारखे अनेक जण तुरुंगात होते. ऑक्टोबरमध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात मोहन रानडे जखमी अवस्थेत पकडले गेले. नोव्हेंबरच्या अखेरीस वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचे गुप्त नभोवाणी केंद्र सीमेलगतच्या जंगलातून बोलू लागले. गोव्याच्या आत आणि भोवती प्रश्न इतका तापलेला असताना सोव्हिएत नेते बुल्गानिन आणि ख्रुश्चेव भारताच्या दौऱ्यावर आले, आणि गोवा हा भारताचाच भाग आहे असे त्यांनी जाहीर सभांतून सांगितले.

त्याच सुमारास पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या वॉशिंग्टनमध्ये होते. २ डिसेंबर १९५५ रोजी कुन्या आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी एक संयुक्त निवेदन काढले. त्यात ‘अतिपूर्वेतील पोर्तुगीज प्रांतां’विषयी सोव्हिएत नेत्यांनी केलेल्या विधानांचा निषेध होता. डलेस यांचा रोख मॉस्कोकडे होता यात शंका नाही. परंतु ‘प्रांत’ हा सालाझार यांनी चारच वर्षांपूर्वी घटनेत घातलेला शब्द त्या निवेदनात जसाच्या तसा आला. ६ डिसेंबरच्या पत्रकार परिषदेत डलेस यांना त्याबद्दल विचारण्यात आले, तेव्हा आपल्या माहितीप्रमाणे सारे जग गोव्याला पोर्तुगालचा प्रांत मानते आणि तो सुमारे चारशे वर्षे पोर्तुगालकडे आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले.

भारतात सर्व पक्षांतून संताप उसळला. माझ्या मते या प्रसंगाचे महत्त्व त्या संतापापेक्षा मोठे आहे. तोपर्यंत अमेरिका तटस्थ आहे असे मानण्याची सोय दिल्लीला होती, ती या एका उत्तराने संपली. लिस्बनने त्याचा अर्थ आपल्याला पाठिंबा आहे असा घेतला, आणि मॉस्कोला काहीही खर्च न करता भारतीय जनतेत स्थान मिळाले. पत्रादेवीला प्राण देणाऱ्यांच्या कुटुंबांना, आग्वादच्या कोठडीतल्या कैद्यांना, त्या वर्षाच्या शेवटी जगातील सर्वांत बलाढ्य लोकशाहीकडून मिळालेला संदेश हा होता. ज्या देशाने स्वतः वसाहतीचे जोखड लढून झुगारले, त्याच्या परराष्ट्रमंत्र्याने ताब्याच्या वर्षांचा हिशोब हा हक्काचा पुरावा म्हणून सांगावा, हे आजही वाचताना सहन होत नाही.

या चुकीनंतर अमेरिकेने पुन्हा मौनाचा आश्रय घेतला. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले आणि काही दिवसांतच त्याने, १९५४ मध्ये आपल्या हातून गेलेल्या दादरा व नगर हवेलीचे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेले. त्याचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. तोपर्यंत गोव्याच्या आत खनिज लोखंडाची निर्यात वाढत होती, सीमेवरची नाकेबंदी चालू होती, आणि वॉशिंग्टनला काही करण्याची निकड वाटत नव्हती.

केनेडी, अंगोला आणि शेवटचे आठवडे

१४ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींना स्वातंत्र्य देण्याविषयीचा ठराव ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. नऊ देश तटस्थ राहिले, आणि त्यांत पोर्तुगालबरोबर अमेरिकाही होती. पुढच्याच महिन्यात केनेडी अध्यक्ष झाले. सिनेटर असताना १९५७ मध्ये त्यांनी अल्जीरियातील फ्रेंच धोरणावर टीका केली होती आणि भारताला भरघोस मदत द्यावी असा आग्रह धरला होता. १५ मार्च १९६१ रोजी सुरक्षा समितीत अंगोला या आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतीच्या प्रश्नावर अमेरिकेने पोर्तुगालच्या विरुद्ध, सोव्हिएत संघाच्या बरोबरीने मत दिले. लिस्बनमध्ये अमेरिकी वकिलातीसमोर निदर्शने झाली. समतोलाचा काटा प्रथमच दुसऱ्या बाजूला सरकला होता.

तो तिथे टिकला नाही. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहू लागली, युरोपात युद्ध होईल अशी भीती खरी वाटू लागली, आणि लाजेसच्या तळाची मुदत पुढच्या वर्षअखेर संपणार होती. अमेरिकी सरकारातच दोन मते पडली. आफ्रिका आणि आशियाकडे पाहणाऱ्यांना पोर्तुगालवर दबाव हवा होता. लष्कराला आणि युरोपकडे पाहणाऱ्यांना तळ हवा होता. अशा वेळी सरकारे बहुधा करतात तेच झाले. अंगोलावर एक कठोर मत दिले गेले असल्यामुळे गोव्यावर पोर्तुगालला आणखी दुखवणे परवडणार नाही, असा विचार बळावला.

इकडे नेहरूंवरचा दबाव वाढत होता. ऑक्टोबर १९६१ मध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतवादावर परिसंवाद झाला, आणि भारताने गोव्यात पुढाकार घेतला तर आमचा लढा सोपा होईल, असे आफ्रिकी प्रतिनिधींनी स्पष्टपणे मांडले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला नेहरू अमेरिकेला गेले. केनेडींशी बरेच बोलणे झाले, पण गोव्याचा विषय त्यात गंभीरपणे पुढे आला नाही. दोघांपैकी एकाने जरी तो काढला असता, तरी पुढचे काही निराळे झाले असते असे मी म्हणणार नाही. पण कोणीच तो काढू नये, इतका तो वॉशिंग्टनमध्ये दुय्यम ठरला होता. नेहरू परतले त्याच महिन्यात पोर्तुगीजांच्या ताब्यातील अंजदीव बेटावरून साबरमती या भारतीय प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. काही दिवसांनी मच्छीमारांच्या होडीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि एक मच्छीमार मारला गेला. फेब्रुवारी १९६२ मध्ये निवडणुका होत्या आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे होते. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी पुढे लष्करी कारवाईचे सगळे कारण तिथेच शोधले. त्यात थोडे तथ्य असेलही. परंतु चौदा वर्षांचा प्रश्न एका मतदारसंघात बसवणे हा सरळसरळ अन्याय आहे.

डिसेंबरमध्ये सैन्याची जमवाजमव दिसू लागल्यावर मात्र अमेरिका एकदम जागी झाली. राजदूत जॉन केनेथ गॅलब्रेथ नेहरूंना पुन्हा पुन्हा भेटले. संयुक्त राष्ट्रांचे हंगामी सरचिटणीस ऊ थांट यांनी नेहरू आणि सालाझार या दोघांना पत्रे पाठवली. कारवाईचा मुहूर्त एकाहून अधिक वेळा पुढे ढकलला गेला, म्हणजे या शिष्टाईचा परिणाम दिल्लीत अगदीच झाला नाही असे नाही. अगदी शेवटी गॅलब्रेथ यांनी सहा महिने थांबण्याचा प्रस्ताव मांडला; त्या अवधीत अमेरिका प्रयत्न करील असे त्यात अभिप्रेत होते.

पण प्रयत्न कशासाठी? पोर्तुगाल सीमेवर आंतरराष्ट्रीय निरीक्षक स्वीकारायला तयार होता, गोवा सोडायला नव्हता. सहा महिन्यांनंतर तो सोडील असा एक शब्दही अमेरिकेच्या हाती नव्हता, आणि तो मिळवण्यासाठी वापरण्यासारखे जे साधन होते, म्हणजे पोर्तुगालला नाटोतून मिळणारी मदत आणि प्रतिष्ठा, त्याला हात लावला तर लाजेस जाईल ही भीती होती. गॅलब्रेथ यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांच्या सरकारने त्यांना देण्यासारखे काही न देता पाठवले होते. सावकाराने वर्षानुवर्षे तगादा लावावा, ऋणकोने कर्जच नाकारावे, आणि जामीनदाराने शेवटच्या दिवशी येऊन सावकाराला आणखी सहा महिन्यांची मुदत मागावी, तसा तो प्रस्ताव होता.

सुरक्षा समिती, १८ डिसेंबर १९६१

१७ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर मेजर जनरल कँडेथ यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य गोव्यात शिरले. अखेरपर्यंत लढण्याचा सालाझार यांचा आदेश गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा यांनी पाळला नाही, आणि त्यांच्या या निर्णयाने पणजीसह अनेक वस्त्या वाचल्या, हे मुक्तकंठाने म्हटले पाहिजे. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांनी शरणागती पत्करली.

मधल्या काळात न्यूयॉर्कमध्ये पोर्तुगालच्या तक्रारीवर सुरक्षा समितीची बैठक भरली. अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन हे भारताचे मित्र म्हणून ओळखले जात. त्यांनी अत्यंत कठोर भाषण केले. जगाला शांततेचा उपदेश करणारे मेनन सीमेवर सैन्याची पाहणी करत होते, याचा त्यांनी उल्लेख केला, आणि बळाचा हा वापर खपवून घेतला तर संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंताचा हा पहिला अंक ठरेल, असे ते म्हणाले. भारताचे प्रतिनिधी चं. शे. झा यांनी उत्तर दिले की हा वसाहतवादाचा शेवटचा अवशेष दूर करण्याचा प्रश्न आहे आणि सनद असो वा नसो, तो दूर होणारच.

अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांच्या ठरावात युद्धबंदी, भारतीय सैन्याची माघार आणि वाटाघाटी अशी मागणी होती. त्याच्या बाजूने सात आणि विरुद्ध चार मते पडली. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (इजिप्त) यांच्याबरोबर सोव्हिएत प्रतिनिधी झोरिन यांनी विरुद्ध मत दिले, आणि तो नकाराधिकार असल्याने ठराव पडला. तक्रारच फेटाळावी असा उलट ठराव चार विरुद्ध सात मतांनी नामंजूर झाला. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह त्याच दिवसांत भारतात होते. १९५५ चीच आकृती पुन्हा उभी राहिली, फक्त या वेळी मॉस्कोने शब्दांऐवजी मत दिले.

स्टीव्हन्सन यांचा युक्तिवाद मी टाकाऊ मानत नाही. सीमा बळाने बदलू नयेत या नियमाचा आधार लहान राष्ट्रांनाच सर्वांत जास्त असतो, आणि बर्लिनच्या छायेत बसलेल्या माणसाला तो प्राणपणाने जपावासा वाटणे स्वाभाविक होते. परंतु नियमाचे वजन तो सतत लावण्यात असते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा सुरक्षा समितीची बैठक भरावी असे वॉशिंग्टनला वाटले नव्हते. चारशे वर्षांपूर्वी बळाने घेतलेला प्रदेश बळाने राखणे हे त्याच्या लेखी शांततेत मोडत होते. म्हणून आशिया-आफ्रिकेत त्या भाषणाचा प्रभाव पडला नाही. हे अमेरिकेलाही कळले असावे, कारण आमसभेत बहुमत मिळणार नाही हे दिसत असल्याने तिने हा प्रश्न तिथे नेलाच नाही.

हिशोब

जानेवारी १९६२ मध्ये केनेडींनी नेहरूंना पत्र लिहिले. गोव्यातील घटनेमुळे इतर ठिकाणी शांतता टिकवणे अधिक अवघड होईल अशी चिंता त्यात होती. त्याच महिन्यात सालाझार यांनी आपल्या राष्ट्रीय सभेत मित्रराष्ट्रांनी साथ सोडल्याची तक्रार केली. १९६२ च्या उन्हाळ्यात भारताची मदत कमी करण्याचा प्रयत्न सिनेटच्या परराष्ट्र समितीत झाला, पण तो टिकला नाही. ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केल्यावर अमेरिकी शस्त्रास्त्रे भारतात येऊ लागली आणि गोव्याचा कडवटपणा मागे पडला. भारताशी असलेले नाते तुटेल ही भीती जशी अतिशयोक्त होती, तशीच उलट दिशेची आशाही फोल ठरली. पोर्तुगालला सांभाळूनही लाजेस सुरक्षित झाला नाही. सालाझार यांनी १९६२ च्या अखेरीस कराराचे नूतनीकरण केले नाही. अमेरिकेला तळावर राहू दिले ते केवळ तात्पुरत्या परवानगीने, म्हणजे आफ्रिकेतील युद्धांबद्दल वॉशिंग्टनने फार बोलू नये यासाठी तो दोर कायम त्यांच्या हाती राहिला. नवा करार व्हायला डिसेंबर १९७१ उजाडला.

दोन्ही मित्रांना राखण्यासाठी केलेल्या या समतोलात दोघांचाही विश्वास कमी झाला. अमेरिकेपुढे १९५४ मध्ये एक संधी होती असे मला वाटते. फ्रान्स हाही नाटोचा सदस्य होता आणि त्याने पुदुचेरी बोलणी करून सोडली होती. तळावर इतके काही अवलंबून राहण्यापूर्वी, त्याच वाटेने जाण्यास लिस्बनला ठामपणे सांगता आले असते. सालाझार यांनी ऐकले असते का, हा वेगळा प्रश्न. पण निदान १९६१ मध्ये सहा महिने मागणाऱ्या राजदूतामागे काही वर्षांचा प्रामाणिक प्रयत्न उभा राहिला असता.

मोहन रानडे मुक्तीनंतरही सात वर्षे पोर्तुगालच्या तुरुंगात होते; त्यांची सुटका जानेवारी १९६९ मध्ये झाली. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, ज्यावर यशवंतराव चव्हाण आणि मारिओ सोआरेस यांच्या सह्या आहेत. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली, आणि त्यानंतर आठ महिन्यांत, ज्यावर बोलणेच शक्य नाही असे वीस वर्षे सांगितले जात होते, तो विषय दोन देशांनी समोरासमोर बसून मिटवला.